वाचक विचारतात: बँकेचं स्टेटमेंट घरच्या हिशेबात उतरवताना

गेल्या अंकात घरातल्या जुन्या लॅपटॉपवर फायरफ्लाय थ्री हे फुकट मिळणारं, खुल्या स्रोताचं सॉफ्टवेअर बसवून घरखर्चाचा हिशेब ठेवण्याबद्दल लिहिलं होतं. हिशेब आपल्याच घरात राहतो, कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच उंबऱ्यावर अडलेली आहेत: बसवून तर झालं, आता बँकेतले व्यवहार त्यात आणायचे कसे? त्यातली सहा पत्रं इथे घेते. सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत ताळमेळाच्या टेबलावर नोकरी केल्यामुळे माझी उत्तरं जरा त्या टेबलाच्या बाजूने झुकलेली असतील, तेवढं चालवून घ्या.

ताई, पगाराच्या खात्याचं एप्रिल ते मार्च असं पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट नेट बँकिंगवरून उतरवून एक्सेलमध्ये उघडलं. फायरफ्लायला तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लागते असं वाचलं, म्हणून तो कॉलम तसा करून घेतला, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साध्या मजकुराची फाइल) केली आणि चढवली. बारा तारखेपर्यंतचे व्यवहार भलत्याच महिन्यांत जाऊन बसले, तेरापासूनचे नीट लागलेच नाहीत. वर सगळा खर्च उत्पन्न म्हणून दिसतोय.
– माध्यमिक शिक्षक, अमळनेर

सर, बारा आणि तेरा हे आकडे तुम्ही लिहिलेत तिथेच निदान झालं. तुमचं एक्सेल अमेरिकी पद्धतीवर आहे, म्हणजे आधी महिना, मग दिवस. बँकेने ०५/०४ लिहिलं ते पाच एप्रिल म्हणून; एक्सेलने ते चार मे समजून घेतलं. २५/०४ आल्यावर पंचविसावा महिना काही त्याला सापडेना, म्हणून ती तारीख त्याने नुसती अक्षरं म्हणून तशीच सोडून दिली. मग तुम्ही कॉलमचं रूप बदललंत तेव्हा पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलट्यापालट्या होऊन पक्क्या झाल्या आणि उरलेल्या जुन्याच वेषात राहिल्या. खात्री करायची तर मूळ फाइल पुन्हा उघडा आणि तारखेचा कॉलम फक्त बघा. अर्ध्या तारखा उजव्या कडेला टेकलेल्या असतील, अर्ध्या डाव्या. उजवीकडच्या एक्सेलने तारीख म्हणून गिळल्या, डावीकडच्या गिळता आल्या नाहीत.

म्हणून बँकेची फाइल डबल क्लिक करून कधी उघडू नका. एक्सेलसारखंच, पण फुकट मिळणारं लिबरऑफिस कॅल्क वापरा. सीएसव्ही उघडताना ते आधी एक खिडकी दाखवतं, त्यात प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून तो कसला आहे ते सांगता येतं. तारखेच्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष ही तारीख निवडा आणि संदर्भ क्रमांकाच्या कॉलमला मजकूर. हे दुसरं विसरू नका. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी असतो, आणि बारा आकडी संख्या दिसली की एक्सेल ती आखडून ४.१२ई+११ अशी दाखवतं. तुम्ही सीएसव्ही म्हणून साठवली की फाइलमध्ये जातं ते हे आखडलेलं रूप. मूळ क्रमांक गेला तो गेलाच, आणि त्याची गरज किती पडते ते खाली भुसावळच्या पत्रात येईलच.

काही बँकांची एक्सेल म्हणून मिळणारी फाइल खरं तर एक्सेल नसतेच; टॅबने कॉलम पाडलेला साधा मजकूर असतो आणि नावाच्या शेवटी एक्सेलचं शेपूट लावलेलं असतं. उघडताना 'फाइलचा प्रकार जुळत नाही' अशी तक्रार आली की समजायचं. तीही कॅल्कच्या त्याच खिडकीतून, टॅब हा विभाजक निवडून, नीट उघडते. मग वरच्या ओळी काढा: नाव, पत्ता, खाते क्रमांक, आयएफएससी, कालावधी. तळाची 'संगणकाने तयार केलेले, सहीची गरज नाही' ही ओळही काढा. कॉलमांच्या नावांची एकच ओळ वर राहिली पाहिजे. रकमांमधले स्वल्पविरामही काढून टाका. १,२५,००० मधला स्वल्पविराम सीएसव्हीमध्ये नव्या कॉलमची सुरुवात ठरू शकतो.

खर्च उत्पन्न म्हणून का दिसतोय? फायरफ्लायचा डेटा इम्पोर्टर हा वेगळा जोडकार्यक्रम प्रत्येक कॉलमची भूमिका विचारतो. तिथे तुम्ही काढलेल्या पैशांच्या कॉलमला नुसतं 'रक्कम' म्हटलं असणार. बँक त्या कॉलमात वजा चिन्ह देत नाही, आणि नुसती अधिक रक्कम म्हणजे जमा, असा सरळ अर्थ सॉफ्टवेअर लावतं. डेबिट कॉलम आणि क्रेडिट कॉलम अशा दोन वेगळ्या भूमिका यादीत आहेत, त्या द्या. तारखेचा साचा विचारतील तिथे अक्षरं लहान-मोठी सांभाळून टाका: वर्षासाठी कॅपिटल वाय म्हणजे चार आकडी वर्ष, लहान वाय म्हणजे दोन आकडी. हे सगळं एकदा जमलं की शेवटी एक मांडणीची फाइल उतरवून घ्यायला मिळते. ती जपून ठेवा. पुढच्या महिन्यात तीच चढवली की यातलं काही पुन्हा निवडावं लागत नाही, बँकेने स्टेटमेंटचं रूप बदलेपर्यंत तरी.

आता खरं काम. चढवण्याआधी त्याच शीटमध्ये एक जादा कॉलम करा: मागच्या ओळीची शिल्लक, वजा काढलेली रक्कम, अधिक जमा रक्कम. उत्तर या ओळीच्या शिलकीइतकं यायला हवं. मागची शिल्लक १८,४३२.५०, काढले ६४०, तर या ओळीत १७,७९२.५० असलेच पाहिजेत. (स्टेटमेंट ताज्या तारखेपासून मागे जाणारं असेल तर आधी उलटं करून घ्या.) एखाद्या ओळीत फरक आला तर त्याच ओळीत किंवा तिच्या लगेच वर काहीतरी तुटलंय: तपशिलातल्या स्वल्पविरामाने कॉलम सरकलाय, किंवा ओळच गळलीय. चढवल्यावर दुसरा ताळा. फायरफ्लायमध्ये खातं उघडताना स्टेटमेंट सुरू होण्याआधीच्या ३१ मार्चची शिल्लक आरंभीची म्हणून टाका, आणि आयात झाल्यावर त्याची आजची शिल्लक स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीशी पैशापर्यंत ताडून बघा. जुळली तरच आयात झाली असं मी धरते. पडद्यावर हिरव्या अक्षरांत काहीही लिहून येऊ दे.

तुमच्या बाबतीत बिघडलेल्या नोंदी एकेक दुरुस्त करत बसू नका. एवढ्या तारखा हाताने फिरवायच्या तर तुमची दिवाळीची सुटी त्यातच जाईल. ते खातं पुसा, नवं उघडा, मूळ फाइलपासून सुरुवात करा.

मी रेल्वेत आहे. एप्रिलचं स्टेटमेंट चढवलं, नंतर पंधरा एप्रिल ते पंधरा मे असं घेतलं. मधले पंधरा दिवस दुप्पट झाले. उलट एके दिवशी फलाटावरच्या एकाच स्टॉलवर दोनदा वीस-वीस रुपयांचा चहा घेतला होता, त्यातला एकच आला. एकीकडे जास्त, एकीकडे कमी. याला म्हणावं तरी काय?
– भुसावळ

भाऊ, दोन्हीचं मूळ एकच आहे. कोणती नोंद कोणती, हे ओळखायला तुम्ही सॉफ्टवेअरकडे काही ठेवलंच नाही. नेहमीच्या पद्धतीत फायरफ्लाय नोंदीचा सगळा मजकूर मिळून एक ठसा तयार करतं, आणि तसाच ठसा आधी असेल तर नवी नोंद नाकारतं. तुम्ही पत्रासोबत दोन्ही फाइली पाठवल्यात ते बरं झालं. पहिल्या वेळी तुम्ही तपशील होता तसा चढवला. दुसऱ्या वेळी यूपीआय, तिरक्या रेघा, आकडे सगळं साफ करून फक्त दुकानाचं नाव ठेवलंत. मजकूर बदलला, ठसा बदलला, म्हणून जुने पंधरा दिवस नवे म्हणून आत आले. आणि साफ केल्यावर दोन चहांच्या ओळी तंतोतंत सारख्या झाल्या, म्हणून दुसरा चहा नाकारला गेला.

संदर्भ क्रमांकाच्या कॉलमला 'बाहेरची ओळख' ही भूमिका द्या आणि दुहेरी नोंदी ओळखण्याची पद्धत मजकुरावरून न ठेवता त्या ओळखीवरून ठेवा. यूपीआयला बारा आकडी क्रमांक असतो, एनईएफटी-आरटीजीएसला यूटीआर नावाचा तसाच व्यवहार क्रमांक. व्याज, एसएमएसचे पैसे, डेबिट कार्डाचा वार्षिक आकार यांना बहुधा काहीच नसतं. तिथे मी तारीख आणि त्या ओळीची शिल्लक जोडून स्वतःच क्रमांक बनवते. एकाच दिवशी दोन ओळींची शिल्लक सारखी असणं जवळजवळ होत नाही. क्रमांकाच्या शेवटी नावे की जमा याचं एक अक्षरही लावा, कारण अडकलेला यूपीआय व्यवहार परत येतो तेव्हा कधी कधी त्याच क्रमांकाने येतो, आणि मग परत आलेले पैसे दुहेरी समजून बाहेर ठेवले जातात.

तपशील साफ करायचा तर फाइलमध्ये नको. फायरफ्लायमध्ये नियम लिहिता येतात: तपशिलात अमुक शब्द आला तर खर्चाचं खातं 'किराणा', तमुक आला तर 'पेट्रोल'. मूळ मजकूर तसाच राहतो आणि पुढच्या वेळचा ठसा बिघडत नाही.

आणि एक. चहाचे पैसे यूपीआय लाइटमधून, म्हणजे छोट्या रकमांसाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या पाकिटातून, देत असाल तर ते बँकेच्या स्टेटमेंटात एकेक दिसणारच नाहीत. लाइटमध्ये भरलेली रक्कम तेवढी एका ओळीत दिसेल. ते भरणं खर्च म्हणून लावू नका. लाइटचं वेगळं खातं उघडून तिकडे वळतं करा, आणि महिन्याअखेरीला त्यात जितकं कमी झालं तितका 'चहापाणी' म्हणून एकच खर्च टाका. चहाच्या प्रत्येक कपाचा हिशेब ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा हिशेब जूनपर्यंत टिकतो.

आमचं सोसायटीचं पीककर्ज जिल्हा बँकेत, तिथे फक्त पासबुक. केळीचे पैसे व्यापारी दुसऱ्या बँकेत टाकतो. मुलीने दोन्हीकडचं सगळं चढवलं तर आम्ही लखपती दिसायला लागलो. खरं तसं नाही, ते आम्हाला माहीत आहे.
– केळी उत्पादक, रावेर तालुका

दादा, तुमच्या मुलीने काम चोख केलंय. चूक आहे ती नवं-जुनं करण्याची आपल्याकडची रीत सॉफ्टवेअरला माहीत नसण्यात. मार्चअखेर आली की चार दिवसांसाठी कुणाकडून तरी उसने घ्यायचे, सोसायटीचे भरायचे, एप्रिलमध्ये नवं कर्ज उचलायचं आणि उसने परत करायचे. आता दोन लाखांचं कर्ज धरा. खात्यावर काय काय दिसलं? मार्चमध्ये दोन लाख जमा (उसने), दोन लाख खर्च (सोसायटी). एप्रिलमध्ये दोन लाख जमा (नवं कर्ज), दोन लाख खर्च (उसनवारी फेडली). सॉफ्टवेअरच्या हिशेबी तुम्ही चार लाख कमावले आणि चार लाख उडवले. प्रत्यक्षात घरातून गेलं ते फक्त व्याज.

म्हणून मुलीला सांगा, देण्याची दोन खाती उघड: एक 'सोसायटी पीककर्ज', एक 'हातउसने'. फायरफ्लायमध्ये देणी हा खात्यांचा वेगळा प्रकार आहे. बँकेत जमा झालेलं कर्ज या खात्यातून आलेलं दाखवायचं, भरलेलं या खात्याकडे गेलेलं. भरताना मुद्दल आणि व्याज एकत्र गेलं असेल तर ती नोंद दोन भागांत तोडायची. मुद्दल देण्याकडे, व्याज खर्चाकडे. वेळेत फेडल्याबद्दलची व्याजसवलत नंतर जमा झाली तर फायरफ्लाय ती जमा म्हणूनच घेतं, पण तिला वर्ग मात्र व्याजाचाच द्यायचा. पीएम किसानचे दोन हजार मात्र खरी जमा, वर्षातून तीनदा येणारी. त्यासाठी तपशिलावरून एक नियम लिहिला की संपलं.

केळीच्या पैशांचं थोडं निराळं आहे. व्यापाऱ्याकडून बँकेत येते ती हातात पडलेली रक्कम. काट्याच्या पट्टीवर मात्र वजन, भाव, कटती, मजुरी, आधी घेतलेली उचल असं सगळं असतं. बँकेची ओळ एवढंच सांगते की अमुक तारखेला इतके आले. या हंगामाला बागेने काय दिलं आणि त्यातलं वाटेत किती गेलं, ते पट्टीवरूनच कळतं. तेव्हा प्रत्येक पट्टीचा फोटो त्या नोंदीला जोडा (तशी सोय आहे) आणि जमेच्या नोंदीत पूर्ण रक्कम लिहून कपातींच्या वेगळ्या नोंदी करा. कष्टाचं काम आहे, पण केळीच्या नोंदी किराण्यासारख्या रोज नसतात. कापणीला वेळ असतो तसा हिशेबालाही द्या.

पासबुकाचं म्हणाल तर टायपिंगला पर्याय नाही, आणि वर्षभरात असतात तरी किती ओळी? बँकेच्या सीएसव्हीसारखेच कॉलम करून मुलीने शीटमध्ये टायपाव्यात आणि वर अमळनेरच्या सरांना सांगितलेला शिलकीचा ताळा लावावा. टायपिंगची चूक त्यात लगेच सापडते. पासबुक मात्र दर महिन्याला छापून आणा.

परदेशातल्या लोकांच्या व्हिडिओत बँक जोडली की व्यवहार आपोआप येतात. आपल्याकडे का येत नाहीत? एक ॲप नेट बँकिंगचा पासवर्ड मागतंय, देऊन बघू का?
– कॉलेज विद्यार्थी, नंदुरबार

देऊ नका. पासवर्ड दिलात आणि उद्या पैसे गेले तर तो तुमचाच निष्काळजीपणा ठरेल.

युरोपात ग्राहकाने संमती दिली की परवानाधारक कंपनीला खात्याची माहिती देणं बँकांवर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तिकडे गोकार्डलेससारख्या मध्यस्थाकडून फायरफ्लायला व्यवहार मिळत आले. अमेरिकेत सिंपलफिन आहे. आपल्याकडे त्याच धर्तीची व्यवस्था आहे, तिचं नाव अकाउंट ॲग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केले आणि २०२१ पासून मोठ्या बँका त्यात आल्या. संमती कशासाठी, किती काळासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं आणि ती मागेही घेता येते. मध्यस्थाला तुमचा डेटा वाचताही येत नाही, तो कुलूपबंद पुढे जातो. मांडणी चांगली आहे. पण पलीकडे माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी (शेअर बाजार), आयआरडीएआय (विमा) किंवा पीएफआरडीए (पेन्शन) यांपैकी कुणाच्या तरी नियमनाखालची असावी लागते. तुमच्या टेबलाखालचा लॅपटॉप त्यात बसत नाही. ती व्यवस्था आजवर कर्ज देणाऱ्यांच्या सोयीची जास्त झाली आहे आणि स्वतःचाच डेटा स्वतःच्या घरी नेणाऱ्या माणसाचा विचार तिच्यात मागे पडला, असं माझं मत आहे.

तोवर महिन्याच्या पाच तारखेला बँकेच्या साइटवर जाऊन मागच्या महिन्याची फाइल हाताने उतरवायची. मांडणीची फाइल तयार असेल तर चहा निवेपर्यंत होतं. आणि हाताने केल्यामुळे आकड्यांवरून नजर फिरते, भलतं कापलेलं शुल्क डोळ्यात भरतं.

आमची बँक फक्त पासवर्डवाली पीडीएफ देते. ऑनलाइन साइटवर टाकून एक्सेल केली तर?
– गृहिणी, धुळे

ताई, मग घरच्या सर्व्हरचा खटाटोप कशाला केलात? वर्षभराचे व्यवहार, नाव, पत्ता, खाते क्रमांक, सगळं अनोळखी साइटला वाढून द्यायचं नाही. क्यूपीडीएफ हे छोटं साधन आपल्याच संगणकावर पासवर्ड देऊन फाइल उघडी करून देतं. टॅब्युला हे दुसरं, तेही घरच्या घरी, पीडीएफमधला तक्ता चौकट आखून उचलतं आणि सीएसव्ही देतं. दोन्ही फुकट. लांब तपशील दोन ओळींत मोडलेला असेल तर टॅब्युला त्याच्या दोन नोंदी करतं, त्या हाताने जोडा. शिलकीच्या ताळ्यात अशा ओळी लगेच उघड्या पडतात. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर हे चालणार नाही, टायपा. आणि एकदा नेट बँकिंगमध्ये नीट शोधा. सीएसव्हीचा पर्याय पुष्कळदा असतो, फक्त 'डाउनलोड'च्या बाणामागे दडलेला.

उन्हाळ्यात लाइट जाते. लॅपटॉप बसला तर हिशेब गेला का? आणि दुकानातून मोबाइलवर बघता येईल का?
– किराणा दुकानदार, चोपडा

लाइट गेली तर लॅपटॉपला बॅटरी आहे, तेवढ्यासाठी वेगळा यूपीएस नको. भीती डिस्क बसण्याची. दर आठवड्याला डेटाबेसची, म्हणजे फायरफ्लाय सगळ्या नोंदी जिथे ठेवतं त्या साठ्याची, निर्यात करून पेन ड्राइव्हवर घ्या. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली नुसत्या कॉपी करू नका, त्या परत उघडतील याची हमी नसते. सोबत तीन गोष्टी ठेवा: बँकेच्या मूळ फाइली महिन्यावार, मांडणीची फाइल, आणि फायरफ्लायची सेटिंगची फाइल, ज्यात त्याची गुप्त किल्ली असते. मूळ फाइली असतील तर अगदी वाईट वेळी सगळं नव्याने चढवता येतं, म्हणून त्यांत खाडाखोड करू नका; काम नेहमी प्रतीवर करा.

दुकानातून बघण्यासाठी राउटरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात यायचं दार, जगाला उघडं करू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केलने तुमचा मोबाइल आणि घरचा लॅपटॉप एकाच खासगी जाळ्यात आणा. आणि पत्र्याच्या माळ्यावर ठेवलाय असं लिहिलंत, तिथून तो आधी खाली आणा. चोपड्याच्या मे महिन्यात तिथे बॅटरी फुगायला वेळ लागणार नाही.